तू भियालंस काय?

स्वप्नात साप दिसला असं घरात कुणी सांगितलं की आजी लगेच अर्थ सांगायची नाही. आधी विचारायची. केव्हा दिसला, झोप लागल्या लागल्या की पहाटे? "जनावर घरात येत होता काय भायर जात होता?" फणा काढला होता का? तू त्याला काठी मारलीस का? आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, "तू भियालंस काय?" या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर बाकीचं सगळं अवलंबून असायचं. भीती वाटली नाही, तर तो राखणदार, येऊन घर बघून गेला. अंगावर आला, तर त्याचं काहीतरी द्यायचं राहिलं आहे. आणि स्वप्नात मारला गेला असेल, तर गोष्ट आजोबांच्या कानावर घालायलाच हवी.

आमच्याकडे, सिंधुदुर्गात, प्रत्येक जागेला राखणदार असतो. घराला, माडांच्या बागेला, ओहोळाकाठच्या कुणग्याला. वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची. कुठे नारळ, कुठे रोट, कुठे कोंबडा, ज्या जागेचं जे ठरलेलं असेल ते. तो कुणाला हातात काठी घेतलेला म्हातारा म्हणून दिसतो, कुणाला रात्री नुसता त्याच्या वहाणांचा आवाज येतो, आणि पुष्कळांना तो साप होऊन दिसतो. दिवेलागणीनंतर सापाचं नाव कुणी उच्चारायचं नाही, जनावर म्हणायचं. सकाळी आजीनं सांगितलं की आजोबा नारळ घेऊन मागच्या पेळेवर जायचे आणि गाऱ्हाणं घालायचे. काय चुकलं असेल ते पदरात घे, पोराबाळांना सांभाळ. मी त्यांच्या मागे उभा असायचो. रात्रभर माझ्या छातीवर बसलेलं काहीतरी तो नारळ फुटल्याबरोबर उतरायचं, एवढं मला आजही नीट आठवतं.

बाकीच्या प्राण्यांचा हिशेब आजीच्या तोंडी होता. वाघ दिसला म्हणजे देवीचा नवस बाकी. हत्ती म्हणजे गणपती. वानर म्हणजे मारुती, बैल म्हणजे महादेव, कुत्रा मागे लागला पण चावला नाही तर दत्ताची आठवण करायची. रेडा मात्र नको. रेडा दिसला की ती तो दिवसभर कुणाला लांबच्या प्रवासाला निघू द्यायची नाही. वाईट स्वप्न माणसाला सांगण्याआधी वाहत्या पाण्याला किंवा गायीच्या कानात सांगायचं. चांगलं पडलं तर पुन्हा झोपायचं नाही. या यादीकडे आज पाहतो तेव्हा तिच्यातली रचना लक्षात येते. आपल्या देवांना वाहनं आहेत. त्यामुळे स्वप्नात आलेला प्राणी एकटा येत नाही, त्याच्या पाठीवर न दिसणारं कुणीतरी बसलेलं असतं आणि निरोप त्याचा असतो. देवांना वाहनं नसलेल्या समाजात हेच प्राणी वेगळं काही बोलणार, हे ओघानं आलंच.

सापाचा मान आमच्या घरात इतका का, याला एक कारण होतं. माझ्या पणजीची मुलं जगत नव्हती. एका श्रावणात, नागपंचमीच्या आधी, तिला स्वप्न पडलं की ती उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली आहे आणि एक जनावर परसातून येऊन तिच्या ओटीत वेटोळं करून बसलं. ती उठली नाही. तांदूळही सांडू दिले नाहीत. पुढच्या पावसाळ्याच्या आत आजोबा जन्मले आणि जगले. आजी ही गोष्ट सासूकडून ऐकलेली, पण सांगताना स्वतःच्या ओटीवर हात ठेवायची. तेव्हापासून आमच्या घरात साप मारलेला नाही. नागपंचमीला विळीवर काही चिरायचं नाही, जमीन खणायची नाही, हा नियम सगळीकडे आहे, पण आमच्याकडे तो पाळताना लोक गप्प होत.

ही गोष्ट मी कित्येक वर्षं फक्त आमची समजत होतो. मग ग्रीसमधल्या एपिडॉरसबद्दल वाचलं. तिथे अस्क्लेपिअस या आरोग्यदेवतेचं मोठं स्थान होतं. रोगी, निपुत्रिक माणसं तिथे दूरदूरहून येत, आंघोळ आणि नैवेद्य करून देवळाच्या आवारातल्या ठरावीक दालनात झोपत आणि स्वप्नाची वाट बघत. सापांना त्या आवारात मोकळीक होती. ज्यांना गुण आला त्यांच्या हकिकती इसवीसनापूर्वीच्या चौथ्या शतकात दगडांवर कोरून लावलेल्या आहेत. त्यांतली एक बाई केऑस बेटावरून मुलासाठी आली होती. तिला स्वप्नात दिसलं की एक साप तिच्या पोटावर पडून राहिला आहे. पुढे तिला पाच मुलं झाली, असं तो दगड सांगतो.

केऑसच्या त्या बाईला आमची पणजी ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. दोघींमध्ये समुद्र आहे आणि दोन हजारांहून जास्त वर्षं आहेत. इथल्या कल्पना तिकडे गेल्या की तिकडच्या इकडे आल्या, या वादात मला रस नाही. मला दिसतं ते एवढंच की दोघी जमिनीवर जगणाऱ्या. साप जमिनीतून वर येतो, जिथून अंकुरही वर येतो. कात टाकून पुन्हा नवा होतो. मूल मागणाऱ्या बाईला स्वप्नात तो भेटावा आणि तिनं त्याला घाबरू नये, यात मला काही गूढ वाटत नाही.

पण साप म्हणजे संतती, असं सूत्र लिहून ठेवावं म्हटलं तर ते आमच्याच बाजारपेठेत खोटं ठरायचं. तिथे शिवणकाम करणारे एक चाचा होते, आजोबांचे जुने मित्र. त्यांच्या घरच्या परंपरेत स्वप्नातला साप म्हणजे दुष्मन, आणि तोही आपल्या माणसांत लपलेला. घरात शिरलेला साप म्हणजे घरातलाच. दोघे मित्र दुकानाच्या पायरीवर बसून यावर बोलत. आजोबा म्हणायचे, तुमचा साप वाळवंटातला, आमचा बागेतला. चाचांना ते पटायचं. त्यांच्या परंपरेतला मोठा स्वप्नपंडित म्हणजे बसऱ्याचा इब्न सिरीन, आठव्या शतकात वारलेला. त्याच्याबद्दलची एक गोष्ट चाचांकडून ऐकलेली. एक माणूस येऊन म्हणाला, मी स्वप्नात अजान दिली. इब्न सिरीन म्हणाला, तू हजला जाशील. दुसरा आला, त्यानंही तेच स्वप्न सांगितलं. त्याला उत्तर मिळालं, तुझा हात चोरीसाठी कापला जाईल. शिष्यांनी कारण विचारलं, तर म्हणाला, पहिल्याच्या चेहऱ्यावर मला भलेपणा दिसला, दुसऱ्याच्या नाही. आजोबांना ही गोष्ट इतकी आवडली होती की गावात कुणी स्वप्न सांगू लागलं की ते आधी सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत.

युसुफची कथाही चाचांचीच. मिसरच्या राजाला स्वप्न पडतं, सात पुष्ट गायींना सात रोड गायी खाऊन टाकतात. ही कथा बायबलात आहे आणि कुराणातही. चाचांनी ती आमच्या पडवीत सांगितली तेव्हा आजी आत भाजी चिरत होती, ती हातातलं टाकून बाहेर आली. "गायीन गायीक खाल्ल्यान?" राजाला घाम का फुटला ते कळायला तिला पुढची कथा ऐकायची गरज नव्हती. ज्या घरात गोठा आहे त्या घरात यापेक्षा भयंकर दृश्य नाही. नाईलच्या काठी, जिथे नदी चढली तर पीक आणि नाही चढली तर उपास, तिथेही नसणार. युसुफ सांगतो, सात वर्षं सुबत्ता, नंतर सात वर्षं दुष्काळ. धान्य साठवा, आणि लागेल तेवढंच मळून बाकीचं कणसातच राहू द्या. आजोबांनी यावर मान हलवली. आमच्याकडे बियाण्याचं भात पेंढ्याच्या मुडीत बांधून ठेवत. स्वप्नाचा अर्थ सांगणाऱ्याला धान्य कसं टिकतं हेही माहीत होतं, म्हणून त्यांना तो खरा वाटला.

त्याच मिसरमधला, इसवीसनापूर्वी तेराव्या शतकाच्या आसपासचा, स्वप्नफळांचा एक पपायरस आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वाईट फळं त्यात लाल शाईनं लिहिलेली. त्यात म्हटलं आहे, स्वप्नात मोठं मांजर दिसलं तर चांगलं, पीक भरपूर येईल. आमच्याकडे मांजर आडवं गेलं तरी लोक दोन पावलं मागे येतात.

स्वप्नांच्या बाबतीत आपल्याकडचं शास्त्र किती सावध होतं ते मला गावच्या वैद्यांमुळे कळलं. वाईट स्वप्न पडलं म्हणून कुणी त्यांच्याकडे गेलं तर ते नाडी बघत आणि रात्री काय जेवलास ते विचारत. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं, आणि शरीरातल्या दोषांतून आलेलं. यांतल्या पहिल्या पाचांना फळ नाही, असं चरक स्पष्ट म्हणतो. म्हणजे दिवसभर माणूस जे बघतो, ऐकतो, मागतो, त्यातून आलेल्या स्वप्नाला भिण्याचं कारण नाही. मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे आपण सहज म्हणतो, त्यामागे एवढी जुनी वैद्यकीय शहाणीव उभी आहे. मात्र तिथेच हेही आहे की कुत्रा, उंट किंवा गाढव यांच्याबरोबर दक्षिणेला जाताना दिसणं हे राजयक्ष्म्याचं, म्हणजे क्षयाचं लक्षण. गाढव आणि दक्षिण ही जोडी रामायणात पुन्हा भेटते. आजोळी असलेल्या भरताला वडील गाढवांच्या रथातून दक्षिणेकडे जाताना दिसतात, आणि इकडे अयोध्येत दशरथ गेलेला असतो. लंकेत त्रिजटा राक्षसीला स्वप्न पडतं. रावण डुकरावर, इंद्रजित सुसरीवर, कुंभकर्ण उंटावर बसून दक्षिणेला चालले आहेत, आणि राम चार दातांच्या हत्तीवर. रावणाच्या घरातली एक बाई हे सगळ्यांसमोर सांगते, आणि सीतेला त्रास देणाऱ्या राक्षसी तेवढ्यापुरत्या थबकतात. सुंदरकांडातला हा प्रसंग मला हनुमंताच्या उड्डाणाइतकाच मोठा वाटतो.

हत्तीचं म्हणाल तर तो या भूमीचा खास स्वप्नप्राणी. माझी आत्या सांगलीकडे दिलेली. तिच्या शेजारी दिगंबर जैन शेतकऱ्यांचं घर, त्या घरातल्या आक्का तिच्या सख्ख्या बहिणीसारख्या. पंचकल्याणक पूजेत तीर्थंकराच्या मातेची सोळा स्वप्नं कशी मांडतात ते आत्यानं आक्कांबरोबर जाऊन पाहिलं होतं, आणि सुटीत आम्हा मुलांना बोटांवर मोजून दाखवायची. हत्ती, बैल, सिंह, मग लक्ष्मी, माळा, चंद्र, सूर्य, माशांची जोडी आणि पुढे सगळं. श्वेतांबरांत ही स्वप्नं चौदा. पर्युषणात चांदीची स्वप्नं वरून खाली उतरवतात आणि तो मान मिळवण्यासाठी बोली लागते, जुन्या रीतीनं तुपाच्या मणांत. आत्या म्हणायची, आमच्यात बाईला डोहाळे लागतात, यांच्यात आधी स्वप्नं लागतात.

पुढे अजिंठ्याला दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात मायादेवीचं स्वप्न पाहिलं तेव्हा आत्याची बोटं आठवली. पांढरा हत्ती पोटात शिरताना मायादेवीनं पाहिला आणि सिद्धार्थ जन्मला, ही कथा भिंतीवर आहे. भारहूतच्या स्तूपावर, इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात, तीच कथा दगडात आहे. तिथे झोपलेल्या राणीवर उतरणारा हत्ती चांगला थोरला आहे आणि तो शिल्पखंड आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. चित्रकाराला आणि शिल्पकाराला हत्ती कसा चालतो हे नित्य बघून माहीत होतं. म्हणूनच तो इतका जड असूनही झोपलेल्या बाईला न उठवता येऊ शकतो, यावर आपला विश्वास बसतो.

कोरियात हत्ती नाही, तिथल्या आयांच्या स्वप्नात दुसरे प्राणी येतात. तिथे गर्भाची चाहूल देणाऱ्या स्वप्नाला ‘तेमोंग’ म्हणतात, आणि ते आईलाच पडावं असं नाही, आजीला किंवा मावशीलाही पडतं. वाघ, डुक्कर, ड्रॅगन असे प्राणी त्यात येतात. शिन साइमदांग या चित्रकर्तीला काळ्या ड्रॅगनचं स्वप्न पडलं आणि १५३६ साली तिच्या पोटी यि आय, म्हणजे युलगोक हा थोर विचारवंत जन्मला. गांगनुंगमध्ये ती खोली आजही त्या स्वप्नाच्या नावानं जपलेली आहे. डुक्कर स्वप्नात आलं की कोरियन माणूस लॉटरीचं तिकीट घेतो. जपानमध्ये नव्या वर्षाच्या पहिल्या स्वप्नात फुजी पर्वत, ससाणा आणि वांगं दिसणं शुभ. तिथे वाईट स्वप्नं खाऊन टाकणारा बाकू नावाचा एक प्राणीही आहे. आमच्या आजीला तो फार आवडला असता.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो आर्तेमिदोरस. दुसऱ्या शतकातला, आशिया मायनरमधला ग्रीक. त्यानं स्वप्नांवर पाच पुस्तकं लिहिली, शेवटची दोन खास आपल्या मुलासाठी. बाजारात बसून भविष्य सांगणाऱ्यांना प्रतिष्ठित लोक नाक मुरडत; हा त्यांच्यात जाऊन बसला, जत्रांत फिरला, ग्रीस, आशिया, इटलीतल्या माणसांची स्वप्नं आणि पुढे काय झालं ते ऐकत राहिला. त्यानं एके ठिकाणी सात गरोदर बायकांचं एकच स्वप्न दिलं आहे. प्रत्येकीनं पाहिलं की आपण सापाला जन्म दिला. एकीचा मुलगा नामांकित वक्ता झाला. एकीचा देवळातला मोठा पुजारी, एकीचा भविष्यवेत्ता. एकीचा बदफैली निघाला, एकीचा दरोडेखोर होऊन मुंडकं गमावून बसला. एक पळून गेलेला गुलाम ठरला, आणि एकीचा मुलगा अर्धांगानं जमिनीवर पडून राहिला. कारणं सापाच्याच अंगातून काढलेली. दुभंगलेली जीभ वक्त्याची, सरपटणं अर्धांगाचं, डोकं ठेचलं जाणं दरोडेखोराचं. पण कुठल्या बाईला कुठला अर्थ, हे ठरलं ती बाई कोण होती यावर. श्रीमंत, पुजाऱ्याची बायको, की गुलाम. तो बजावतो की स्वप्न पाहणारा कोण, काय धंदा करतो, प्रकृती कशी, हे विचारल्याशिवाय बोलू नकोस.

आजी लिहायला शिकली नव्हती. आर्तेमिदोरसची सगळी शिस्त तिच्याजवळ होती.

आधुनिक काळात फ्रॉइडच्या स्वप्नमीमांसेवर १९०० साल छापलेलं आहे. सापाला त्यानं पुरुषाच्या इंद्रियाचं चिन्ह ठरवलं. केऑसच्या बाईची हकिकत बघता ते सर्वस्वी चूक म्हणवत नाही, पण आमच्या राखणदाराला ते पुरत नाही. फ्रॉइडचा एक रोगी मला जास्त सांगून जातो. सर्गेई पांकेयेफ नावाच्या रशियन जमीनदाराच्या या मुलाला लहानपणी स्वप्न पडलं होतं. खिडकी आपोआप उघडते, बाहेर अक्रोडाच्या झाडावर पांढरे लांडगे बसलेले आहेत आणि ते त्याच्याकडे टक लावून बघत आहेत. फ्रॉइडनं १९१८ साली यावर मोठं प्रकरण प्रसिद्ध केलं आणि आईबापांच्या शेजेपर्यंत जाऊन पोचला. मला त्यातला एक लहान तपशील धरून ठेवतो. मुलाला आजोबांनी एक गोष्ट सांगितली होती. एका शिंप्यानं लांडग्याची शेपटी उपटली, आणि पुढे लांडग्यांचा कळप त्या शिंप्याला झाडाखाली येऊन गाठतो. झाडावरचे लांडगे मुळात आजोबांच्या तोंडून निघालेले होते. चरकानं ऐकलेल्याचा वेगळा प्रकार मानला तो यासाठीच. अमेरिकेतले स्वप्नसंशोधक रॉबर्ट व्हॅन डी कॅसल यांना आढळलं की लहान मुलांच्या स्वप्नांत प्राणी मोठ्या माणसांच्या स्वप्नांपेक्षा कितीतरी जास्त येतात. गोष्टी ऐकण्याचं वय तेच असतं.

आता सकाळी उठून लोक मोबाइलवर विचारतात, स्वप्नात साप दिसणं शुभ की अशुभ. उत्तर क्षणात येतं, आणि त्यात एकही प्रश्न नसतो. आमच्या नात्यातल्या एका मुलीला दिवस गेलेले असताना मेलेला साप दिसला. तिला कुणीतरी दोष सांगितला, मग खर्चिक शांती सांगितली, आणि ती पोर दोन महिने धड जेवली नाही. सापासाठी विधी करणं आपल्याकडे जुनं आहे. त्र्यंबकेश्वरला नारायण-नागबळी तीन दिवस चालतो आणि ज्यांना त्यातून शांतता मिळते त्यांच्या श्रद्धेला मी हात लावणार नाही. पण घाबरलेल्या गरोदर बाईला तिची काहीही विचारपूस न करता भीती विकणं हे पाप आहे, असं मी स्वच्छ म्हणतो. आजीनं तिला आधी जवळ बसवलं असतं. तो साप कुठे होता, आजूबाजूला पाणी होतं का, तुझी आई सोबत होती का, असं विचारत विचारत तिला रडू दिलं असतं, आणि मग एक नारळ पुरला असता.

तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना त्यांच्या आईला, आजीला पडलेली स्वप्नं विचारा आणि त्यांच्याच बोलीत लिहून ठेवा. नागाची, वाघाची, गायीची, जी असतील ती. आणि उद्या सकाळी नातू झोपेतून दचकून उठला तर त्याला अर्थ सांगायची घाई करू नका. काय होतं, कुठून आलं, काय करत होतं, आणि तू घाबरलास का, हे विचारा. त्याचं सगळं सांगून होईपर्यंत त्याच्याजवळ बसा.